फट नसलेलं स्वयंपाकघर

शशिकांत गव्हाणेला फट सहन होत नाही. दार नीट लागलं नाही, खिडकीतून झुळूक आली, डब्याचं झाकण तिरकं बसलं, की हा माणूस बोलता बोलता उठतो आणि आधी ते नीट करून येतो. आमच्याकडे चहाला आला तरी मागच्या दाराची कड दाबून बघितल्याशिवाय त्याला कप गोड लागत नाही. त्याचं पोटच त्याच्यावर आहे म्हणा. डेट्रॉइटजवळच्या एका कंपनीत तो गाड्यांच्या दारांना लागणारी रबरं डिझाइन करतो. बाहेरची हवा, पाणी, आवाज आत येता कामा नये, एवढंच त्याचं काम, आणि ते तो जीव ओतून करतो. त्याची बायको सुवर्णा म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हासुद्धा हे त्याच्या खालून वारा येतोय का ते बघत होते."

सुवर्णा माझी मैत्रीण. डेट्रॉइटच्या ट्रॉय उपनगरात आमची घरं समोरासमोर आहेत आणि आमची दोघींची तोंडंही सारखीच तिखट, त्यामुळे इथल्या मराठी मंडळातल्या बायका आम्हाला एकत्र बोलावताना जरा विचार करतात. लिहायला बसले मी शशिकांतबद्दल, पण जीव अडकलाय तिच्यात. त्या हिवाळ्यात त्यांचं नवं कोरं स्वयंपाकघर तिला रोज थोडं थोडं आजारी करत होतं. काहीतरी बिनसलंय एवढं आम्हाला दिसत होतं. काय बिनसलंय ते मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि एकेक दिवस हातचा जात राहिला.

ज्ञानदा, त्यांची एकुलती एक मुलगी, नोकरीसाठी टेक्सासमध्ये प्लेनोला गेली आणि घर सुनं झालं. त्याच उन्हाळ्यात शशिकांतने हे काम काढलं. स्वयंपाकघर आणि डायनिंगच्या मधली भिंत पाडायची. एका बाजूला विटा उघड्या ठेवायच्या, छताखालून काळे पाइप जाऊ द्यायचे, ओटा सिमेंटचा करायचा, फळ्या लोखंडी नळ्यांवर टाकायच्या, आणि जेवायला कारखान्यातल्या कामाच्या टेबलासारखं जाडजूड टेबल आणायचं. याला इथे मॉडर्न इंडस्ट्रियल म्हणतात आणि लोक हौसेने करतात. सुवर्णाने चित्रं बघितली आणि म्हणाली, "आमच्या इस्लामपूरच्या एमआयडीसीत असल्या खोलीत बसायचा लोक पगार घेतात. मी फुकट का बसू?" वर, उघड्या फळ्यांवर फोडणीचा चिकटा बसला की पुसायला कोण येणार, तेही तिने विचारलं. प्रश्न रास्त होता.

त्यामागचं खरं कारण शशिकांतने मला एकदा अंगणातलं गवत कापता कापता सांगितलं. त्याचे वडील भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. एरवी गेटच्या आत कोणाला सोडत नसत, पण खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्या लोकांना आत जाता यायचं. उंच पत्र्याचं छत, तेलाचा वास, लेथला झेंडूची माळ, आणि एरवी थकून भिंतीकडे तोंड करून झोपणारे वडील इस्त्रीच्या शर्टात सगळ्यांना पेढे वाटतायत.

"बाबा खुशीत दिसले अशी तेवढी एकच जागा मी बघितलीय, वहिनी," तो म्हणाला आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

मला गलबलून आलं. सुवर्णालाही हे ठाऊक होतं. टोमणे मारत का होईना, तिने होकार दिला तो त्याचसाठी.

सगळ्यात हौसेने त्याने काय आणलं असेल तर शेगडीवरचा धूर ओढून बाहेर फेकणारा हूड. काळ्या पोलादाचा, रेस्टॉरंटमध्ये असतो तेवढा मोठा, वर जाड नळकांडं थेट छतातून बाहेर. त्यालाही कारण होतं. ज्ञानदा शाळेत असताना तिच्या कोटाला हिंगाचा वास येतो म्हणून मुलं तिच्या शेजारी बसत नसत. पोर रडत घरी आली होती. शशिकांतच्या मनात ते बसलं होतं. आता घरात वास म्हणून राहणार नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. हूड पूर्ण वेगात लावला की टेबलावरचे कागदी नॅपकिन सरकायचे आणि आम्हाला एकमेकींशी ओरडून बोलावं लागायचं.

एवढी हवा बाहेर फेकायची तर तेवढीच आत यायला वाट लागते, हे त्याला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. उलट तोच आम्हाला ते समजावून सांगायचा. त्यासाठी भिंतीत वेगळी झडप बसवावी लागते. पण झडप म्हणजे भोक, आणि जन्मभर भोकं बुजवलेल्या माणसाने स्वतःच्या घराला भोक पाडायचं? त्याने सोपा उपाय काढला. हूड लावताना सिंकवरची खिडकी उघडायची. सुवर्णाला त्याने तसं बजावून सांगितलं. आणि त्याच महिन्यात त्याने घरातली बाकीची प्रत्येक फट शोधून बंद केली. एक उदबत्ती पेटवायची, खिडकीच्या कडेकडेने फिरवायची, धूर जिथे हलेल तिथे खूण करून रबर ठोकायचं. तो देवाला ओवाळल्यासारखा अख्ख्या घराला उदबत्ती ओवाळत फिरायचा आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

खंडेनवमीच्या आसपासच्या शनिवारी त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. हूडला झेंडूची माळ घातली होती, कुंकू लावलं होतं. फोनवरून ज्ञानदा म्हणाली, "ओ माय गॉड बाबा, इट लुक्स लाइक अ कॉफी शॉप!" शशिकांतचा चेहरा उजळला. सुवर्णा खर्ड्याच्या मिरच्या तव्यावर टाकून मोकळी झाली, हूड लावायचा राहिला, आणि छताला लावलेला नवा अलार्म असा काही किंचाळायला लागला की सगळ्यांनी कानात बोटं घातली. धूर आणि विषारी वायू, दोन्हींवर ओरडणारा तो अलार्म होता. शशिकांत स्टुलावर चढला आणि हॉटेलातून आणलेली प्लॅस्टिकची शॉवर कॅप त्याने त्याच्यावर चढवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॉयमध्ये असं एकही मराठी घर नसेल जिथे अलार्मला टोपडं घातलेलं नाही. इथले अलार्म टोस्ट करपायची वाट बघत असतात, त्यांना मिरचीची फोडणी काय झेपणार? जेवणं झाली, लोक गेले, टोपडं तिथेच राहिलं.

मग थंडी पडली. मिशिगनची थंडी म्हणजे खिडकी बोटभर उघडली तरी हाडं वाजतात. सुवर्णा सुरुवातीला आठवणीने खिडकी उघडायची आणि शशिकांत आठवणीने ती बंद करायचा. मी स्वतः बघितलंय. हा ऑफिसातून आला, बूट काढले, आत गेला आणि बोलता बोलता खिडकी लावून टाकली. "हीटिंग चालू आहे ना," तो म्हणाला. ती म्हणाली, "तुम्हीच तर उघडायला सांगितली." त्यावर तो म्हणाला, "हो, पण एवढी नाही." काही दिवसांनी तिने उघडायचं सोडून दिलं.

तिचं डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर. आधी संध्याकाळी, मग सकाळपासून. मळमळ, पाय गळल्यासारखे. सुवर्णा कधी दुपारी झोपणारी बाई नव्हती, ती सोफ्यावर पडून राहायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डी व्हिटॅमिन कमी आहे म्हणाले, वय म्हणाले, हिवाळा म्हणाले. मंडळातल्या एकीने दृष्ट काढायला सांगितली. सुवर्णाने तिलाही झापलं नाही, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती ज्ञानदाकडे प्लेनोला जाऊन आली. तिथे ठणठणीत. मला फोनवर तासभर तिथल्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या, ऐकून बरं वाटलं. परत आली आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. आता यावरून कोणालाही काही सुचायला हवं होतं. शशिकांतला सुचलं ते भलतंच. एकदा मी तिथे बसलेली असताना ती कपाळ दाबत म्हणाली, "स्वयंपाक करायला लागले ना की डोकं फुटतं."

शशिकांतने हातातला चमचा टेबलावर ठेवला. "सरळ सांग ना तुला किचन आवडलं नाही. त्यासाठी डोकं कशाला दुखायला पाहिजे?"

"मी नाटक करते?"

"प्लेनोला बरी होतीस की."

तिने तो चमचा उचलून सिंकमध्ये ठेवला. मग म्हणाली, "तसंच असेल. मनाचंच असेल काहीतरी. होईल सवय." वडिलांच्या आठवणीवर त्याने बांधलेलं हे स्वयंपाकघर आपल्याला सोसत नाही, याची तिला लाज वाटत होती. आणि त्याला वाटत होतं की ही आपल्या बापाच्या कारखान्याला नाक मुरडते आहे. दोघंही एकमेकांची समजूत काढण्यासाठी धडपडायला लागली. तो तिला आवडेल म्हणून नवीन दिवे लावायचा. ती त्याला बरं वाटावं म्हणून जास्तच स्वयंपाक करायची. हूड दिवसभर घुमत असायचा.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी कुंकवाला गेले. त्यांचा देव्हारा नव्या रचनेत बेसमेंटच्या दाराजवळ आला होता. उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा सोडून आडवा होऊन शेगडीकडे धावत होता. बेसमेंटच्या दाराखालून काहीतरी त्याला ढकलत होतं. घरात वारा नाही, खिडक्या घट्ट बंद, काचांवर आतून पाण्याचे ओघळ. मी सुवर्णाला दाखवलं तर ती म्हणाली, "त्यालाही पळून जायचंय वाटतं." आम्ही हसलो. घरी आल्यावर माझंही डोकं दुखत होतं. उपवासाचं असेल म्हणून मी गोळी घेतली.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी तिने हळदीकुंकू ठेवलं. मी म्हटलं, यंदा राहू दे. तर म्हणाली, "नाही गं. यांना सगळ्यांना किचन दाखवायचंय." गुळाच्या पोळ्या घरीच करणार, हाही हट्ट. सकाळपासून पोळ्या, सकाळपासून हूड, सकाळपासून भांडी घासायला गरम पाणी. शशिकांत मंडळाच्या गोदामातून खुर्च्या आणायला गेला होता. दुपारी मी मदतीला म्हणून रस्ता ओलांडून गेले. पुढच्या दाराची मूठ फिरवली तर दार माझ्या हातातून हिसका बसल्यासारखं आत गेलं. कोणीतरी आतून ओढावं तसं.

मी हाक मारली. हूडच्या घरघरीत ती मलाच ऐकू आली नाही. आत एक पोळी तव्यावर कोळसा झालेली, आणि तरी घरात धुराचा मागमूस नाही, वास नाही, सगळं लख्ख. सुवर्णा ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. हात पिठाचे. डोळे उघडे होते पण ती माझ्याकडे बघत नव्हती. मी गॅस बंद केला, तिला उठवायला वाकले आणि माझेच गुडघे वाकले. तेवढ्यात काय अक्कल सुचली देव जाणे. मी तिच्या काखेत हात घालून तिला फरशीवरून ओढलं, ओढलं, आणि मागच्या दारातून सरळ बर्फात नेऊन टाकलं. तिच्या अंगावर माझी शाल घातली. नाइन-वन-वनला काय बोलले ते आठवत नाही. मराठीत बोलले असेन.

फायर ब्रिगेडची माणसं मीटर घेऊन आत गेली आणि पळतच बाहेर आली. तोंडाला मास्क लावून पुन्हा गेली. कार्बन मोनॉक्साइड. सुवर्णाला ॲम्ब्युलन्समध्ये चढवत असताना शशिकांतची गाडी आली, मागे खुर्च्या भरलेल्या. तो उतरला, मीटरवरचा आकडा त्याने बघितला, छतावरच्या नळकांड्याकडे बघितलं, आणि त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही. त्यानेच त्या फायरमनला इंग्रजीत समजावून सांगितलं, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये सांगावं तसं. हूड घरातली हवा खेचत होता. बाहेरून हवा यायला वाट नव्हती. बेसमेंटमध्ये पाणी तापवणारी गॅसची टाकी आहे, तिचा धूर चिमणीतून वर जायचा. हूडने चिमणीच उलटी चालवली, धूर खाली ओढला आणि जिन्यावरून घरात आणला. "आय सील्ड इट," तो म्हणाला. "आय सील्ड इट व्हेरी वेल." मग तो तिथेच बर्फात बसला.

सुवर्णा वाचली. हॉस्पिटलमध्ये प्राणवायूच्या बंद खोलीत ठेवून तिला त्यांनी परत आणलं. ज्ञानदा धावत आली. चार दिवसांनी सुवर्णा घरी आली तेव्हा तिने दारातच मला विचारलं, "पोळ्या वाया गेल्या ना गं?" मी तिला मिठी मारून रडले. मंडळातल्या सगळ्या घरांतली टोपडी त्या आठवड्यात उतरली. शशिकांतने गॅसची टाकी काढून विजेची बसवली, हूडची तार कापली, आणि हातात हातोडा घेऊन सिंकशेजारच्या भिंतीला स्वतः भोक पाडलं. खिडक्यांची रबरं ओरबाडून काढली. डॉक्टरांनी मात्र त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, काही लोकांना नंतर त्रास होतो. बरे झाल्यासारखे वाटतात आणि काही आठवड्यांनी सुरू होतं. लक्ष ठेवा. तो ठेवत होता. मीही ठेवत होते. ती हसली की आम्ही एकमेकांकडे बघायचो.

फेब्रुवारी सरता सरता ती चहात मीठ घालायला लागली. मग एक दिवस कपाटापुढे उभी राहून कपाट कसं उघडतात ते आठवत राहिली. मला फोन करायची आणि बोलायचंच विसरायची, नुसता श्वास ऐकू यायचा. पुन्हा तपासण्या झाल्या. यातून काही जण सावरतात, काही नाही, वर्षभर थांबा, एवढंच डॉक्टर म्हणाले. तिची तिखट जीभ कुठे गेली कोण जाणे. जे वाढाल ते खायची, जिथे बसवाल तिथे बसायची. मला तिचा नाही, त्या गरीबपणाचा राग यायचा. मुद्दाम डिवचून बघायचे मी तिला. ती नुसती हसायची, पाहुण्याकडे बघून हसावं तशी.

मार्चमध्ये एका रविवारी मी गेले. बाहेर बर्फ वितळत होता. शशिकांत जाकीट घालूनच चहा करत होता, कारण सगळ्या खिडक्या उघड्या. सुवर्णा त्या जाड टेबलाशी बसली होती, खांद्यावर रजई. त्याने तिच्यापुढे कप ठेवला, तिची बोटं कपाभोवती नीट लावून दिली आणि समोर बसला. दाढी वाढलेली.

"वहिनी, ती सांगत होती मला," तो अचानक म्हणाला. "रोज सांगत होती, डोकं दुखतंय म्हणून. मला वाटलं नाटक करतेय. माझं सगळं आयुष्य, कुठून काय आत शिरतंय ते शोधण्यात गेलं. आणि ती समोर बसून सांगत होती." त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला त्याचा राग होता, अजूनही आहे, पण तेव्हा काही मला तो दाखवता आला नाही.

सुवर्णाने कप बाजूला सरकवला. टेबलावरून हात पुढे करून तिने त्याच्या मनगटावर ठेवला. कितीतरी दिवसांत तिने आपणहून केलेली ती पहिली गोष्ट. मला वाटलं, ही परत येतेय.

"रडू नका हो," ती म्हणाली. "होईल बरी. कोण तुमची ती?"

शशिकांतने हात खाली घेतले.

"बायको," तो म्हणाला.

"मग इथे काय बसलात?" सुवर्णा मायेने म्हणाली. "घरी जा बघू आधी. एकटी असेल ना ती."